‘म्हणाली की’ इंग्रजीत नेताना काय काय बदलतं

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, डायरेक्ट इनडायरेक्टचा तक्ता तिला झोपेतून उठवून विचारला तरी येतो, इजचं वॉज, विलचं वुड, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, सगळं पाठ, आणि तरी चाचणीत नेमके त्याच प्रश्नाचे मार्क गेले, पेपरवर नुसती फुली, कारण काहीच लिहिलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः ऑफिसात मेल लिहिता त्यात सेड आणि टोल्ड सोडून तिसरं क्रियापद येत नाही, बाकीची कुठे वापरायची कळत नाही. मी नाशकात 22 वर्षं इंग्रजी शिकवतेय, आधी ज्युनिअर कॉलेजला, आता गंगापूर रोडला घरीच बॅचेस घेते, आणि हे दोन्ही प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देते. लांबेल, पण वाचा.

आधी तिचं वाक्य घेऊ. प्रश्नात होतं, द ओल्ड मॅन सेड टू द बॉय, ‘व्हाय आर यू क्रायिंग?’ आणि तिने लिहिलं, ‘द ओल्ड मॅन टोल्ड टू द बॉय दॅट व्हाय आर यू क्रायिंग.’

आता हेच मराठीत म्हणून बघा. म्हातारा त्या मुलाला म्हणाला की तू का रडतोयस. एकदम बरोबर वाक्य आहे, आपण रोज असंच बोलतो. आणि तिने नेमकं हेच वाक्य उचलून इंग्रजी शब्दांत ठेवलंय. ‘मुलाला’ मधला ‘ला’ आला म्हणून टू द बॉय. ‘की’ आला म्हणून दॅट. मराठीत ‘तू’ तसाच राहतो म्हणून यू तसंच राहिलं. ‘रडतोयस’ तसंच राहतं म्हणून आर क्रायिंग तसंच. म्हणजे तक्ता पाठ होता पण हात मराठीच्या सवयीने चालला, आणि घाईत लिहिताना सगळ्यांचा हात तसाच चालतो, तिला रागावू नका. बरोबर उत्तर ‘द ओल्ड मॅन आस्क्ड द बॉय व्हाय ही वॉज क्रायिंग.’ आस्क्डच्या पुढे टू नाही. व्हाय आलंय म्हणून दॅट नाही, कारण इंग्रजीत व्हाय, व्हेअर, हाऊ हे शब्द स्वतःच जोडायचं काम करतात, मराठीत मात्र ‘की’ प्रश्नाच्या आधीसुद्धा चालतो, तिथेच घोळ होतो. आणि ‘वॉज ही’ नाही, ‘ही वॉज’, कारण तो आता प्रश्न राहिलेला नाही, कोणीतरी प्रश्न विचारला होता एवढी माहिती आहे, म्हणून शेवटी प्रश्नचिन्हही नाही. प्रश्नात व्हाय व्हेअर काहीच नसेल, नुसतं आर यू किंवा डू यू असेल, तर इफ किंवा व्हेदर घालायचं, तिथेही दॅट नाही, आणि तो डू, डझ, डिड गायब होतो. ‘डू यू लाइक चिवडा?’ चं ‘शी आस्क्ड मी इफ आय लाइक्ड चिवडा.’ लाइक ला डी लागला आणि डू गेला, बस्स.

या सगळ्याच्या मुळाशी खरी गोष्ट काय आहे ते सांगते, मी पहिल्या तासाला हेच सांगते आणि तक्ता नंतर देते. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण जवळजवळ त्याच्या तोंडून बोलतो. ‘आई म्हणाली की मी उद्या येते’ असं मी तुम्हाला म्हटलं तर त्यातला ‘मी’ कोण? आई. कोणाला काही शंका येत नाही. हेच इंग्रजीत ‘मदर सेड दॅट आय विल कम’ केलं की येणारी बाई बदलली, आता मीच येणार असं झालं. इंग्रजीत एकदा कोट काढले की सगळं वाक्य सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलायचं असतं, मी कुठे उभी आहे, आत्ता कोणता दिवस आहे, कोणाशी बोलतेय, आणि बोलणारा माझ्यासाठी कोण, ही का शी का यू. हे डोक्यात बसलं की तक्त्यातली अर्धी ओळ आपोआप येते.

एक उदाहरण बघा. मुलगी घरी आहे, दादाचा फोन आला, द्वारका सर्कलला नेहमीचा ट्रॅफिक, तो म्हणाला, ‘आय अॅम स्टक हिअर अॅट द्वारका, आय विल बी होम इन हाफ अॅन अवर.’ तिने फोन ठेवला आणि लगेच तुम्हाला सांगितलं, तर ती म्हणेल ‘ही सेज ही इज स्टक अॅट द्वारका, ही विल बी हिअर इन हाफ अॅन अवर.’ काळ बदललाच नाही, कारण तो अजून अडकलेलाच आहे, आणि ‘होम’ चं उलट ‘हिअर’ झालं कारण ती घरीच उभी आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणीला सांगितलं तर ‘ही सेड ही वॉज स्टक अॅट द्वारका अँड ही वुड बी होम इन हाफ अॅन अवर.’ आता तो अडकलेला नाही, म्हणून वॉज, वुड. आणि समजा दोघी बसने जाताना नेमक्या द्वारकेलाच पोचल्या आणि तिथे ती हे सांगतेय, तर ‘ही सेड ही वॉज स्टक हिअर.’ हिअर राहिलं! तक्ता म्हणतो हिअरचं देअर करा, पण ती स्वतः द्वारकेला उभी असताना देअर म्हणणं चूक होईल. टुमॉरोचंही तेच, त्याच दिवशी सांगत असाल तर टुमॉरो टुमॉरोच राहतं.

फक्त परीक्षेत काय करायचं? परीक्षेत सांगणारा कुठे उभा आहे, कधी सांगतोय हे दिलेलं नसतं, त्यामुळे बोर्डाच्या पेपरात गृहीत धरायचं की नंतर आणि दुसरीकडे सांगतोय, आणि सरळ तक्त्याप्रमाणे बदल करायचा. हिअर देअर, टुडे दॅट डे, यस्टरडे द डे बिफोर, अगो चं बिफोर. तिथे हुशारी करू नये, तपासणारा मॉडेल आन्सर बघून तपासतो.

काळाचं थोडक्यात सांगते कारण तिला येतंय. रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे ‘म्हणाला’ च्या जागचं क्रियापद, वर्तमानात असेल, सेज, टेल्स, तर आतला काळ हलत नाही. भूतकाळात असेल तर आतला काळ एक पायरी मागे. कुड, वुड, शुड, माइट यांना मागे जायला जागा नाही, ते तसेच. मस्ट चं बंधन असेल तर हॅड टू, पण ‘तो नक्की घरी असणार’ असा अंदाज असेल तर मस्टच. कायमचं सत्य हललं नाही तरी चालतं, ‘द टीचर टोल्ड अस दॅट द गोदावरी राइझेस इन द ब्रह्मगिरी हिल्स’, गोदावरी आजही तिथूनच निघते म्हणून राइझेस. मुलं एकदा पास्ट परफेक्ट शिकली की सगळीकडे हॅड हॅड घालतात, ते मात्र थांबवा. ‘ही सेड ही वॉज बॉर्न इन 1998’ एवढंच पुरतं, कारण जन्म आधीचा आहे हे सांगायला हॅड बीन लागत नाही. पेपरात साधं भूतकाळाचं वाक्य दिलं असेल तर हॅड करायचं, बोलताना नाही केलं तरी इंग्रज माणूस ढुंकून बघणार नाही.

आता तुमचा प्रश्न, क्रियापदांचा, आणि मला यातच जास्त रस आहे. मुलं हे शेवटी ठेवतात आणि मास्तरही एका पानात उरकतात, पण भाषा खरी इथे दिसते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूची एक मुलगी माझ्याकडे होती, घरी द्राक्षबाग, आणि तिला एकही क्रियापद लक्षात राहत नव्हतं. मग मी तिला म्हटलं, तुझ्या वडलांचा व्यापाऱ्याशी फोनवर बोलणं चाललंय असं समज आणि व्यापारी काय काय म्हणतो ते मला सांग. तिने पटापट सांगितलं, तिला ते तोंडपाठ होतं. व्यापारी म्हणतो, मी तुमचे पैसे बुडवलेले नाहीत. मग म्हणतो, हो, उशीर झाला खरा. मग म्हणतो, येत्या सोमवारी देतो, शब्द आहे माझा. मग वडील म्हणतात, आजच द्या, आणि तो म्हणतो, आज नाही देणार. शेवटी म्हणतो, जास्त बोललात तर पुढच्या वर्षी तुमचा माल उचलणार नाही.

मराठीत पाचही वेळा ‘म्हणतो’ चाललं. इंग्रजीत प्रत्येक वेळी माणसाने त्या शब्दांनी काय केलं ते क्रियापदात येतं. ‘द ट्रेडर डिनाइड चीटिंग हिम.’ ‘ही अॅडमिटेड दॅट द पेमेंट वॉज लेट.’ ‘ही प्रॉमिस्ड टू पे द फॉलोइंग मंडे.’ ‘ही रिफ्यूज्ड टू पे दॅट डे.’ ‘ही थ्रेटन्ड नॉट टू बाय देअर ग्रेप्स द नेक्स्ट इयर.’ ती मुलगी वहीकडे बघत बसली होती आणि मग म्हणाली, मॅडम हे तर सगळं भांडण पाच शब्दांत आलं. त्यानंतर ती हे कधी विसरली नाही.

यात डिनाय आणि रिफ्यूज नीट बघा, कारण मराठीत दोन्हीकडे नाकारणं किंवा नकार येतो. आरोप नाकारला, म्हणजे मी हे केलंच नाही, तर डिनाय, आणि पुढे आयएनजी. करायला नकार दिला, म्हणजे मी करणार नाही, तर रिफ्यूज, आणि पुढे टू. एक मागे बघतं, एक पुढे बघतं. साधारण बऱ्याच ठिकाणी हा अंदाज चालतो, जे अजून व्हायचंय त्याला टू, प्रॉमिस, ऑफर, अॅग्री, थ्रेटन, रिफ्यूज. जे होऊन गेलंय त्याला आयएनजी, डिनाय, अॅडमिट. नियम म्हणून छापून घेऊ नका पण अंदाजाला बरा आहे.

ज्यात समोरचा माणूस मध्ये येतो ती वेगळी. पावसाळ्यात गोदेला पूर आला, पाणी दुतोंड्या मारुतीपर्यंत चढायला लागलं, आणि घाटावर कोणीतरी म्हणालं, ‘डोन्ट गो नियर द वॉटर.’ कोण म्हणालं त्यावर क्रियापद. पोलीस म्हणाला तर ‘द पोलिसमॅन ऑर्डर्ड अस नॉट टू गो नियर द वॉटर.’ तिथला दुकानदार काळजीने म्हणाला तर वॉर्न्ड अस. आई कळवळून म्हणाली तर बेग्ड अस. निघताना घरून आधीच सांगितलेलं असेल आणि परत एकदा म्हटलं तर रिमाइंडेड अस. चारही ठिकाणी साचा एकच, क्रियापद, मग माणूस, मग नॉट टू. माणसाच्या आधी टू नाही. ‘रिक्वेस्टेड टू हिम’ हे मी आयुष्यात हजारो वेळा खोडलं असेल, ‘त्याला विनंती केली’ मधला तो ‘ला’ पुन्हा आडवा येतो.

आणि सजेस्ट. ताई, हे एक मुलीला भिंतीवर चिकटवायला सांगा. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे चूक. ‘त्याने मला जायला सुचवलं’ मराठीत छान आहे म्हणून सगळेच असं लिहितात, चांगले इंजिनिअर, प्राध्यापकसुद्धा. सजेस्टच्या पुढे माणूस येत नाही. ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो’ किंवा दोघांनी मिळून करायचं असेल तर ‘ही सजेस्टेड गोइंग.’ पेपरात ‘लेट्स’ ने सुरू होणारं वाक्य आलं की शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर सजेस्टेड नेच सुरू होतं. माणूस घालायचाच असेल तर अॅडव्हाइज्ड वापरा, त्याला माणूस चालतो.

काही क्रियापदांना उलट टू लागतोच. ‘शी एक्सप्लेन्ड मी द प्रॉब्लेम’ नाही, एक्सप्लेन्ड द प्रॉब्लेम टू मी. मेन्शन, रिपोर्ट यांचंही तसंच. आणि डिस्कस्ड च्या पुढे अबाउट नको, ‘त्याबद्दल चर्चा केली’ मधला ‘बद्दल’ मराठीतच ठेवायचा. अक्यूज्ड ला ऑफ, अपॉलजाइज्ड ला फॉर, इन्सिस्टेड ला ऑन, हे तीन पाठच करावे लागतात, यात काही युक्ती नाही.

आता ऑफिसातलं. मी मध्ये काही वर्षं अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात शनिवारी इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. तिथल्या एका मुलाने मंगळवारी संध्याकाळी मेल टाकला, ‘व्हेंडर टोल्ड दॅट मटेरियल विल कम टुमॉरो.’ वरच्या साहेबांनी तो गुरुवारी सकाळी उघडला, तारीख न बघता, आणि शुक्रवारी माल येणार असं धरून शुक्रवारची पाळी लावली. माल बुधवारीही आलेला नव्हता आणि शुक्रवारीही आला नाही, आणि ओरडा त्या मुलाला बसला. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी मिळून दुरुस्त केलं, ‘ऑन ट्यूसडे द व्हेंडर टोल्ड अस दॅट द मटेरियल वुड रीच अस ऑन वेन्सडे.’ टोल्ड ला माणूस हवाच, कोणाला सांगितलं, अस. टुमॉरो, टुडे असले शब्द कामाच्या मेलमध्ये येऊच द्यायचे नाहीत, वार किंवा तारीख लिहायची, कारण वाचणारा कधी वाचेल सांगता येत नाही. हा तक्त्यातल्या ‘टुमॉरोचं द नेक्स्ट डे’ चा खरा अर्थ आहे, कोणी सांगत नाही मुलांना.

मग पुढचा प्रश्न मी त्यांना विचारला, व्हेंडर नक्की काय म्हणाला होता? तो मुलगा म्हणाला, मॅडम तो म्हणाला बघतो, बहुतेक उद्या. मग ते टोल्ड सुद्धा नको, ‘द व्हेंडर सेड दॅट द मटेरियल माइट रीच अस ऑन वेन्सडे.’ त्याने लेखी कळवलं असतं तर कन्फर्म्ड. शब्द दिला असता तर प्रॉमिस्ड किंवा अश्युअर्ड अस. एका क्रियापदावर साहेब पाळी लावणार का नाही हे ठरतं. तुमच्या मेलमध्ये म्हणून हे बघा की समोरच्याने कळवलंय, कबूल केलंय, नुसता अंदाज सांगितलाय, का हात वर केलेत. इन्फॉर्म्ड आणि अश्युअर्ड यांनाही टोल्डसारखा माणूस लागतो, ‘दे इन्फॉर्म्ड दॅट’ हे आपल्या सगळ्या ऑफिसांत चालतं, ‘त्यांनी कळवलं की’ वरून, पण ‘दे इन्फॉर्म्ड अस दॅट’ पाहिजे.

क्रियापदात सांगणाऱ्याचं मतही येतं, यात जपायला हवं. ‘द ट्रेडर सेड ही हॅड पेड’ यात मी काहीच मत दिलेलं नाही. क्लेम्ड ही हॅड पेड म्हटलं की मला शंका आहे असं वाचणाऱ्याला कळतं. पॉइंटेड आउट म्हटलं की तो म्हणतोय ते खरंय असं मीच मान्य केलं. अॅडमिटेड म्हटलं की त्यात त्याची काही चूक होती असं झालं, म्हणून ‘ही अॅडमिटेड दॅट ही लिव्ह्ड इन सिडको’ असं लिहू नका, सिडकोत राहणं हा काही गुन्हा नाही. इंग्रजी पेपरात अलेज्ड का येतं ते यावरून कळेल, आरोप आहे, सिद्ध झालेला नाही. मुलगी पुढे डिग्रीला प्रोजेक्ट रिपोर्ट लिहील तेव्हा हेच लागणार, एखाद्या लेखकाने आर्ग्यू केलंय, सजेस्ट केलंय, का नुसतं मेन्शन केलंय.

आणि आपल्याकडे एक फार गोड शब्द आहे, ‘म्हणे’. लासलगावला कांदा म्हणे उतरला. त्याचं लग्न ठरलं म्हणे. ऐकलेलं आहे, माझी जबाबदारी नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत. मुलं त्याचं ‘ही इज सेइंग’ करतात, पण कोण ही? कोणीच नाही. बोलताना अपॅरंटली किंवा ‘आय हिअर’ ने काम होतं, ‘आय हिअर हिज मॅरेज इज फिक्स्ड.’ लिहिताना ‘इट इज सेड दॅट’, किंवा त्याहून चांगलं, माणूस पुढे आणून. पंचवटीत येणाऱ्या पाहुण्यांना आपण सांगतो ना, लक्ष्मणाने इथे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणतात, नासिका, म्हणून नाशिक. ‘लक्ष्मण इज सेड टू हॅव कट ऑफ शूर्पणखाज नोज हिअर.’ यातला हॅव सोडायचा नाही. ‘इज सेड टू कट’ लिहिलं तर तो हल्ली रोज येऊन कापतो असा अर्थ होईल, घटना मागची आहे म्हणून टू हॅव कट.

परीक्षेचं एक राहिलं, उद्गाराची वाक्यं. ‘व्हॉट अ ब्यूटिफुल टेंपल!’ आलं की व्हॉट अ जातं आणि व्हेरी येतं, ‘शी एक्सक्लेम्ड दॅट इट वॉज अ व्हेरी ब्यूटिफुल टेंपल.’ बोलताना कोणी असं बोलत नाही, पण मार्क मिळतात, तेवढ्यापुरतं करावं.

सरावाला गाइडमधली पन्नास वाक्यं सोडवून घेऊ नका. रोज रात्री जेवताना दिवसभरातला एक खरा फोन किंवा एक खरं भांडण तिला इंग्रजीत सांगायला लावा, फक्त सेड आणि टोल्ड वापरायचं नाही अशी अट घालून. तुम्ही मध्येच विचारा, नक्की काय केलं त्याने, धमकी दिली का समजूत घातली? पहिले चार दिवस अडखळेल, मराठीत बोलेल, बोलू दे, मग तेच इंग्रजीत. आणि आज तिच्याकडून ते म्हाताऱ्याचं वाक्य परत लिहून घ्या, पण न बघता, आणि त्यात आणखी एक ओळ घाला, ‘डोन्ट क्राय, आय विल टेक यू होम,’ ही सेड. दोन भाग आहेत, दोन क्रियापदं लागतील, पहिल्याला टोल्ड हिम नॉट टू क्राय चालेल, दुसऱ्याला तिने प्रॉमिस्ड किंवा ऑफर्ड लिहिलं तर समजा की गाडी रुळावर आली, आणि सेड लिहिलं तर मला उत्तर पाठवा, मी बघते कुठे अडतंय.